मागच्या सीटवरचा मृदंग

रत्नागिरीहून परत आले म्हटलं की पुण्यात लोक दोनच प्रश्न विचारतात: आंबे आणले का आणि समुद्र कसा होता. मी गेले ती डिसेंबरात. तेव्हा झाडावर नुसता मोहोर होता, त्यामुळे पहिला प्रश्न निकालात निघतो. समुद्र होता तिथेच होता आणि छान होता. पण मी गेले होते गाडीचे मागचे स्पीकर घेऊन. हे ऐकलं की लोक माझ्याकडे जरा काळजीनं बघतात, म्हणून सगळं लिहूनच काढते आहे.

झालं असं, की पावसाळ्यात बाबांचं कपाट आवरायला घेतलं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, पण ते कपाट उघडायचा धीर होत नव्हता. त्यांच्या सगळ्या कॅसेटी बुटाच्या खोक्यात नीट लावलेल्या होत्या. एक मात्र स्वेटरांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. वर बाबांच्या तिरक्या अक्षरात ‘नमन, शिमगा’. मी कॅसेट हातात घेऊन चक्क ओरडले. हीच ती. बाबा सगळ्यांना सांगायचे की ती हरवली.

आईचं माहेर पालीजवळचं. शिमग्यात तिथे नमन होतं, म्हणजे मृदंग-झांजेच्या साथीवर गवळणी, सोंगं आणि सगळं गाव अंगणात. तीसेक वर्षांपूर्वी एका नमनात ऐन रंगात आलेल्या गवळणीचा ताल घसरला. मृदंगावर होता माझा शांताराममामा. गात होते त्याचे जिवलग मित्र भागोजीकाका. मामा म्हणतो भागोजी पुढे धावला, भागोजीकाका म्हणतात शांतारामचा हात चुकला. तेव्हापासून दर शिमग्याला हे भांडण नव्यानं होतं. गाव दोन बाजूंना वाटलं जातं आणि पोरंसोरंही मुद्दाम काडी लावतात. बाबा त्या रात्री टेपरेकॉर्डर घेऊन बसले होते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे पुरावा होता, फक्त तो ‘हरवला’ होता.

मी कॅसेटचं गाणं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि आधी फोनवर ऐकलं ते बाबांचा आवाज सापडतो का म्हणून. नाही सापडला. तालातलं मला ओ की ठो कळत नाही, त्यामुळे निकाल मामानंच ऐकून द्यायचा होता.

अडचण एवढीच, की मामाला आता ऐकू येत नाही. कानातलं मशीन फोन जवळ नेला की शिट्टी मारतं. पण वर्षापूर्वी मी नवी गाडी घेऊन गेले होते, तेव्हा तो मागे बसला असताना गाणं लागलं आणि मामा एकदम म्हणाला, “थांब. ढोलकी कोण वाजवतोय?” काचा बंद, स्पीकर बरोब्बर डोक्याच्या मागे. त्याला ठेका ऐकू येत होता. कान गेल्यावर तीन वर्षांनी, पहिल्यांदाच. त्या दिवशी मामानं गाडीतून उतरायलाच नकार दिला होता. त्यामुळे खटला चालायचा तो माझ्या गाडीतच, हे ठरल्यासारखं होतं. आणि नेमके गेल्या चार महिन्यांपासून मागचे स्पीकर खडखडायला लागले होते. पुण्यात एका दुकानात दाखवले. त्यांनी वायरी बदलल्या, पैसे घेतले आणि खडखडाट होता तसा परत दिला.

आंबा घाट ते पाली

घाई हा माझा स्वभाव आहे. आई म्हणते, बापावर गेलीस. बाबा चहा गाळायच्या आधी कपात साखर घालून ढवळायला लागायचे. त्या घाईत मी साखरप्याला चहाच्या टपरीवर फोन विसरले आणि नऊ किलोमीटर पुढे जाऊन परत आले. टपरीवाल्या बाईंनी फोन पदराला पुसून दिला आणि विचारलं, “कुणाकडं चाललीस?” मामाचं नाव सांगितल्यावर म्हणाल्या, म्हणजे मृदंगवाला. मग चहाचे पैसे घेईनात. आमच्याकडे माणूस कुठून आला ते विचारतात, इथे कुणाकडे चालला ते विचारतात, आणि त्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं.

घाट उतरला की हवा बदलते. काच खाली केली तर तापलेल्या कातळाचा आणि मोहोराचा एकत्र वास आला. मी इतकी खुशीत होते, की एकटीच मोठ्यानं गात होते आणि मागचा खडखडाट साथ करत होता.

मामीनं कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी आणि भाजलेली सुकट केली होती. माझी पहिली भाकरी संपायच्या आत भागोजीकाका हजर. सत्तरी ओलांडलेला सडपातळ माणूस, आवाज अजून खणखणीत. कॅसेट सापडल्याचं मी फोनवर मामीला सांगितलं होतं, म्हणजे ते आता सगळ्या वाडीला ठाऊक होतं. अंगणात दहा-बारा माणसं जमली. दोघा म्हाताऱ्यांना मागच्या सीटवर बसवलं, मी पुढे बसून पेन ड्राइव्ह लावला.

मृदंगाची पहिली थाप पडली आणि मागून असा खडखडाट झाला की बाहेर उभी असलेली मामी दोन पावलं मागे सरली. प्रत्येक थापेला तेच. मामा कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. बाहेरून लोक काचेवर टकटक करून विचारत होते, कोण चुकलं? शेवटी मी बंद केलं.

मला वाटलं होतं दोघं हिरमुसतील. पण भागोजीकाका म्हणाले, आवाज तसाच बरा आहे, कशाला त्रास घेतेस. मामानं मात्र वाकून मला जवळ बोलावलं आणि त्याच्या मते हळू, म्हणजे सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

“बाय, त्यात झांज ऐकू येते काय गो?”

“नाही रे मामा,” मी त्याच्या कानाशी ओरडले. “खडखडाटात काहीच कळत नाही.”

“बरं,” तो म्हणाला आणि उतरला.

कोकणातली माणसं पाहुण्याला त्रास नको म्हणून काहीही नको म्हणतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्यामुळे मी या ‘नको’कडे साफ दुर्लक्ष केलं. उद्या सकाळी रत्नागिरी, मी जाहीर करून टाकलं.

रत्नागिरी, नौशादभाईंचं दुकान

दुकान म्हणजे पत्र्याची शेड, आत वायरींची भेंडोळी आणि भिंतीवर ओळीनं टांगलेले जुने स्पीकर. नौशादभाई पन्नाशीचे, बोलणं अगदी सावकाश. मी तक्रारीचा पाढा वाचायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला आणि आधी चहा सांगितला. आमच्या पुण्यात आधी पावती फाडतात, मग गाडीकडे बघतात. इथे चहा येईपर्यंत कुणाची कोण, पालीत कुणाकडे, हे सगळं झालं आणि निघालं असं, की मामाला ते ओळखत होते. लहानपणी त्यांनी त्याचं नमन पाहिलेलं होतं. मग मी खटल्याची हकिगत सांगितली. त्यांचे डोळे चमकले.

त्यानंतर जे बघितलं त्यासाठी मी पुन्हा एकदा एवढा प्रवास करीन. त्यांनी त्यांच्या फोनवरून नुसता एक घुमणारा सूर लावला, गाणं नाही. तो सूर हळूहळू जाड करत नेला. एका ठिकाणी खडखडाट सुरू झाला, तिथेच सूर धरून ठेवला. मग मागच्या सीटवर गुडघे टेकून त्यांनी तळहातानं एकेक भाग दाबून पाहिला: दाराचं पॅनल, काचेची पट्टी, सीटबेल्टची कडी. डॉक्टर पोट तपासतात तसं. मागच्या काचेखालच्या फळीवर उजवीकडे जोर दिला आणि आवाज गप्प झाला.

“ताई, स्पीकर बरा हाय,” ते म्हणाले. “त्याच्या शेजारी कोणतरी बोलतंय.”

डिकी रिकामी करून त्यांनी आतलं अस्तर खाली ओढलं आणि बॅटरी मारली. मीही डोकं आत घातलं. स्पीकरच्या पाठीला लोहचुंबक असतो. त्याला एक रुपयाचं नाणं चिकटलं होतं. अर्धं चुंबकावर, अर्धं शेजारच्या पत्र्याला टेकलेलं. थाप पडली की नाणं पत्र्यावर आपटत होतं. खाली पत्र्याच्या खाचेत एक सुपारी घरंगळत होती आणि लाल कापडाची चिंधी तुटलेल्या दोऱ्यासकट लोंबत होती.

मला एका क्षणात सगळं कळलं. गाडी पहिल्यांदा गावी नेली तेव्हा मामानं देवापुढे ‘पोरीला सांभाळ’ असं गाऱ्हाणं घातलं होतं आणि नाणं-सुपारीची राखणीची पुडी गाडीत ठेवली होती. कुणाचा पाय लागू नये म्हणून मागच्या फळीच्या फटीतून आत सोडली असणार आणि चार महिन्यांपूर्वी तिचा दोरा तुटला असणार. हा खटला ज्याच्यासाठी उभा केला त्याच्याच नाण्यानं तो अडकला होता. मी हसत सुटले आणि नाणं काढायला हात घातला.

नौशादभाईंनी माझा हात धरला नाही, पण बॅटरी बंद केली. त्यांचं म्हणणं असं, की त्यांनी गाड्यांतून स्क्रू काढलेत, पेनं काढलीत, एकदा लहान मुलीचं पैंजण काढलंय. पण लाल कापडातली वस्तू ठेवणाऱ्याला विचारल्याशिवाय ते काढत नाहीत आणि त्यांच्या दुकानात कुणाला काढू देत नाहीत. माझ्या घाईला हे झेपेना. दोन सेकंदांचं काम. पण ते शांतपणे दुसऱ्या गाडीकडे वळले होते.

मामीला फोन लावला. मामीनं मामाला ओरडून सांगितलं, ते मला फोनमधून आणि बहुधा हातखंब्यापर्यंत ऐकू गेलं. मग मामी म्हणाली, ते विचारतायत, नाणं काढलं की झांज नीट ऐकू येईल का?

मी म्हटलं, झांज काय, टाचणी पडली तरी ऐकू येईल.

मामीनं तेही ओरडून पोचवलं. मग निरोप आला: ठेवताना गाऱ्हाणं घातलं होतं, काढताना घालायला हवं. आम्ही येतो.

तेच दुकान, दुपार

दोघं एसटीनं आले. मामाच्या हातात पिशवी, पिशवीत नारळ. भागोजीकाका धोतर सोडून पँट घालून आले होते, शहर म्हणून. दीड तास वाट बघून मी नखं खाल्ली होती, पण ते दोघं रस्ता ओलांडताना एकमेकांचं कोपर धरून येताना दिसले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

मामानं डिकीत डोकावून नाणं बघितलं आणि कानाच्या पाळ्या धरल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाला, गाऱ्हाणं भागोजी घालील. हे मला माहीत नव्हतं: यंदाच्या शिमग्यापासून मामानं गाऱ्हाणं घालणं सोडलं होतं. एक जण देवाशी बोलतो आणि बाकीचे वाक्यावाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ते ‘व्हय’ त्याला ऐकू येईना, मग पुढचं वाक्य कधी उचलायचं ते कळेना. शिमग्यात तो सगळ्यांच्या मधेच बोलत राहिला, पोरं हसली, तेव्हापासून त्यानं देवासमोर तोंड उघडलं नव्हतं.

भागोजीकाकांनी नकारार्थी मान हलवली. नाणं तुझं, गाऱ्हाणं तुझं. नौशादभाईंनी कॉम्प्रेसर बंद केला, हात धुतले आणि बाजूला उभे राहिले. शेजारच्या पंक्चरवाल्याला, चहावाल्याला आणि दुरुस्तीला आलेल्या दोन रिक्षावाल्यांना काकांनी बोलावून आणलं आणि बजावलं, की म्हातारा बहिरा आहे, पोटातून बोला. मामानं नारळ हातात धरला.

“बा देवा म्हाराजा,” त्यानं सुरुवात केली.

“व्हय म्हाराजा,” सगळे असे गरजले की पत्रे हलले. मामानं चमकून वर बघितलं. ते त्याला पोचलं होतं. त्याचा चेहरा जो उजळला, तो मी जन्मात विसरणार नाही.

“ही पोर बाहेरगावी गाडी चालवते, म्हणून तुझं नाणं नि सुपारी राखणीला ठेवली व्हती म्हाराजा. ती आज हितनं उचलून दुसऱ्या जागी ठेवतोय म्हाराजा. कुणाचं काय चुकलं-माकलं असंल, तर पोटात घाल. आनि ज्याचं चुकलं तो जिथं असंल, तिथं त्याला सुखी ठेव म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

नाण्याबद्दल एवढं काय, असं माझ्या मनात येऊन गेलं. भागोजीकाकांचं ‘व्हय’ शेवटच्या वाक्याला जरा उशिरा आलं. मामानं स्वतःच्या हातानं नाणं आणि सुपारी काढली, नव्या लाल कापडात बांधली आणि पुढच्या कप्प्यात ठेवली, जिथून ती कशालाही चिकटणार नाही. नौशादभाईंनी सैल पत्र्याखाली फेल्टची पट्टी चिकटवली आणि अस्तर परत लावलं. मजुरी सांगायला काही केल्या तयार होईनात. निकाल काय लागला तेवढं फोन करून सांगा, म्हणाले.

भाट्ये

आधी एका खानावळीत बांगड्याचं तिखलं आणि भात जेवलो. मी सोलकढीच्या तीन वाट्या प्यायले. म्हातारे मात्र नीट जेवले नाहीत, मी त्याला उत्सुकता समजले. मग भाट्याच्या पुलावरून पलीकडे जाऊन सुरूच्या झाडांखाली समुद्राकडे तोंड करून गाडी लावली. काचा वर केल्या. लाटा आता फक्त दिसत होत्या.

मृदंग सुरू झाला. खडखड नाही, कुरकुर नाही, नुसती गोल थाप. आरशात मला मामा दिसत होता. त्यानं डोळे मिटले होते, डोकं मागे स्पीकरला टेकवलं होतं आणि बोटं मांडीवर नाचत होती. तीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे हात तो ऐकत होता. मग भागोजीकाकांचा तरुण आवाज आला, इतका मोकळा, की शेजारी बसलेले काका लाजल्यासारखे खिडकीबाहेर बघायला लागले.

अकराव्या मिनिटाला ती जागा आली. मृदंग ठाम होता. गाणंही ठाम होतं. पण काहीतरी छण्‌छण्‌ करत पुढे पळालं, मग दोघंही त्याला सावरायला धावले आणि सगळंच घसरलं. मलासुद्धा कळलं. मी मागे वळले. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याकडे बोट दाखवत नव्हतं.

“चुकलं कोण मग?” मी विचारलं.

“कोणच नाय,” भागोजीकाका म्हणाले.

“झांज कोण वाजवत होतं?”

मामाला हे ऐकू गेलं नसावं, पण काय विचारलंय ते त्याला कळलं होतं. त्यानं भागोजीकाकांकडे बघितलं. काकांनी होकारार्थी मान डोलावली.

“दाजी,” मामा म्हणाला. “तुझे बापूस. झांज मीच दिली व्हती त्यांच्या हातात. जावयाला नुसतं बसवून कसं ठेवायचं?”

मग थोडं याच्याकडून, थोडं त्याच्याकडून बाहेर आलं. टेपरेकॉर्डर सुरू करून बाबा बसले होते, त्यांना मानानं झांज दिली. पुण्याचा जावई, अंगात घाई, ते रंगात येऊन पुढे पळाले. दुसऱ्या दिवशी अंगणात कुणी काही बोलायच्या आत मामानं ओरडून सांगितलं, की भागोजी चुकला. भागोजीकाका त्याच वेळी ओरडले, शांताराम चुकला. ठरवलेलं काहीच नव्हतं. गावच्या जावयाचं नाव येऊ द्यायचं नाही, हे दोघांनाही आपापलं सुचलं होतं. आणि तीस वर्षांत दोघं त्यावर एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. प्रत्येकाला वाटायचं, हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे.

“बाबांना कळलं होतं?” मी मोठ्यानं विचारलं.

“त्यांना काय कळतंय,” मामा हसला. “दर शिमग्याला आमचं भांडण सोडवायला यायचे बिचारे.”

मी सांगितलं, की बाबांच्या सगळ्या कॅसेटी खोक्यात होत्या. ही एकच स्वेटरांच्या खाली, कागदात गुंडाळून. हरवली म्हणून सांगत राहिले ती.

मामाला कळेना, मग भागोजीकाकांनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन एकेक शब्द सांगितला. मामाचे खांदे हलायला लागले. काकांचेही. दोघं हसत होते का रडत होते, आरशात नीट कळत नव्हतं, कारण मलाही नीट दिसत नव्हतं. सहा वर्षं मी त्या माणसाचा आवाज शोधत होते आणि तो इथे, अकराव्या मिनिटाला, हातात झांज घेऊन, नेहमीसारखा घाईत होता.

“परत लाव,” मामा म्हणाला.

मी लावलं. ती जागा आली, तेव्हा मांडीवर ठेका धरलेले दोघंही म्हातारे मुद्दाम पुढे पळाले, बाबांच्या बरोबरीनं.

पालीला परत आलो, तर अंगणात सगळी वाडी उभी होती. मामी सर्वांत पुढे. गाडी थांबते न थांबते तोच तिनं विचारलं, कोण चुकलं? मागे दोघांनी तोंडं उघडली होती. त्यांच्या आधी मीच घाईघाईनं काच खाली केली.

“काही कळलंच नाही, मामी,” मी म्हटलं. “मागचे स्पीकर अजून खडखडतायत.”